वेटिंग लागलंय? खान्देशातल्या मुलामुलींनी पुढचे दोन महिने कसे काढायचे

बारावीनंतरच्या कॉलेज प्रवेशाची यादी लागली की आजी ओट्यावरून अहिराणीत विचारते, "काय रे भाऊ, नंबर लागना का?" म्हणजे लागला का? आपण म्हणतो, "वेटिंगमा शे." वेटिंगमध्ये आहे. मग ती पुन्हा विचारते, "म्हणजे लागना का नही लागना?" तिच्या ह्या साध्या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि वेटिंगचा सगळा त्रास त्यातच आहे. नंबर लागलेल्याच्या घरी पेढे येतात. न लागलेला दोन दिवस रडतो आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कॉलेजचा फॉर्म भरतो. वेटिंगवाला मात्र मोबाइल हातात घेऊन बसून राहतो, आणि त्या बसून राहण्यात त्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

मी पारोळा तालुक्यातली. २००६ साली पुण्यातल्या एका नावाजलेल्या कॉलेजात बीएस्सीसाठी माझा वेटिंग नंबर ११ होता. तेव्हा यादी कॉलेजच्या बोर्डावर लागायची. वडील आणि मी रात्रीच्या एसटीने तीनदा पुण्याला गेलो, बोर्ड बघितला आणि परत आलो. ११ म्हणजे लागणारच, असं सगळे म्हणत होते, म्हणून जळगावचा प्रवेश आम्ही घेतलाच नाही. यादी ९ वर थांबली. जळगावला प्रवेश मिळाला, पण शेवटच्या दिवशी. वसतिगृह तोवर भरलं होतं. पहिलं वर्षभर मी एरंडोलमार्गे रोज अप-डाऊन केलं आणि संध्याकाळची प्रॅक्टिकलं अर्धी सोडून बस गाठली. आता मी तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि दर जूनमध्ये माझ्यासमोर अशीच मुलं येऊन बसतात. त्यांना जे सांगते, ते इथे क्रमाने लिहिते.

पहिली पायरी: वेटिंग कुठलं आहे ते ओळखा

भुसावळहून मुंबईला जाणाऱ्या माणसाला हे पटकन कळेल. गाडी जिथून सुटते तिथल्या प्रवाशांची जनरल वेटिंग वेगळी आणि मधल्या स्टेशनावरून चढणाऱ्यांची वेगळी. दोघांच्या तिकिटावर २० च लिहिलेलं असतं, पण एकाचं क्लिअर होतं आणि दुसऱ्याचं होत नाही. कॉलेजांचंही तसंच असतं. नुसत्या आकड्यावरून काही कळत नाही, तो कुठल्या रांगेतला आहे ते आधी बघावं लागतं.

पहिला प्रकार म्हणजे कॉलेजची किंवा विद्यापीठाची स्वतःची प्रतीक्षा यादी. पुण्या-मुंबईची स्वायत्त कॉलेजं बीए, बीएस्सी, बीकॉमसाठी अशा याद्या लावतात. खासगी विद्यापीठं लावतात, आयआयएम इंदूरसारख्या संस्था बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी लावतात. इथे तुम्हाला खरोखर एक क्रमांक मिळतो. तो बहुतेक ठिकाणी प्रवर्गनिहाय असतो. म्हणजे ओबीसीच्या यादीतला ३४ आणि खुल्या यादीतला ३४ ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. शेजारच्या मुलाचा ४० वरून लागला हे ऐकलंत, तर तो कुठल्या यादीतला ४० होता हे आधी विचारा.

दुसरा प्रकार राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप फेऱ्यांचा, म्हणजे केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेशाचा: इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे. इथे खरं म्हणजे वेटिंग नसतंच, लोक आपलं तसं म्हणतात. तुम्हाला एक कॉलेज मिळालेलं असतं आणि वरच्या पसंतीसाठी तुम्ही बेटरमेंटला थांबलेले असता. पण थांबायची मुभा प्रत्येकाला नसते. २०२५-२६ च्या इंजिनिअरिंग प्रवेशात चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादी मिळाली किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादी मिळाली, तर ती घ्यावीच लागायची. न घेणारा पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पसंतीक्रम भरताना "हे असंच टाकून ठेवू" म्हणून वर काही लिहू नका. आपल्या वर्षाची माहिती पुस्तिका डाउनलोड करा आणि हा नियम स्वतः वाचा, कारण फेऱ्यांचे नियम बदलत असतात. आयआयटी-एनआयटीच्या जोसा प्रक्रियेत हीच गोष्ट फ्रीझ, फ्लोट, स्लाइड ह्या तीन शब्दांत असते. फ्रीझ म्हणजे मिळालेली जागा पक्की. फ्लोट म्हणजे वरच्या पसंतीची कुठलीही जागा मिळाली तर हवी. स्लाइड म्हणजे संस्था हीच, फक्त शाखा वरची मिळाली तर हवी.

तिसरा प्रकार मेडिकलचा, आणि तिथे जरा जास्त सांभाळून. अखिल भारतीय कोट्यात पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडता येते. दुसऱ्या फेरीतली जागा सोडली की अनामत रक्कम जाते, आणि तिसऱ्या फेरीत प्रवेश घेतला की तो सोडताच येत नाही. "बघू, नंतर सोडून देऊ" हे वाक्य मेडिकलमध्ये महागात पडतं.

दुसरी पायरी: यादी कशामुळे हलते ते समजून घ्या

हे नीट समजलं तर निम्मी घालमेल कमी होते. तुमची यादी स्वतःहून हलत नसते, दुसरी कुठली तरी यादी लागली की ती हलते. ९५ टक्क्यांच्या मुलीने एकाच वेळी चार-पाच ठिकाणी अर्ज केलेला असतो. पुण्याच्या बीएस्सीला ती प्रवेश घेते, पण तिचा डोळा इंजिनिअरिंगवर किंवा एमबीबीएसवर असतो. कॅपची फेरी जाहीर होते, तिला हवं ते मिळतं, ती बीएस्सीचा प्रवेश रद्द करते आणि वेटिंगमधला पहिला मुलगा आत जातो. म्हणून बीएस्सीच्या वेटिंगवाल्याने इंजिनिअरिंग आणि मेडिकलच्या फेऱ्यांचं वेळापत्रक भिंतीवर लावावं. हालचाल त्या तारखांनंतरच्या दोन-चार दिवसांत होते. मधल्या दिवसांत वेबसाइट तासातासाला उघडून काहीच हाती लागत नाही.

मग एकच काम उरतं: गेल्या वर्षी तुमच्या प्रवर्गाची यादी कितीवर थांबली होती ते शोधणं. काही कॉलेजांच्या वेबसाइटवर जुन्या याद्यांच्या पीडीएफ असतात. नसतील तर प्रवेश विभागाला फोन करून विचारा. ही माहिती विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. गेल्या दोन वर्षांत यादी २० च्या आसपास थांबली असेल आणि तुमचा नंबर ६५ असेल, तर आज रात्रीच मनाची तयारी सुरू करा. तुमचा १५ असेल तर आशा धरायला जागा आहे, पण पुढच्या पायरीवरची कामं तरीही करायचीच आहेत.

आपल्या भागातल्या मुलांसाठी इथे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बऱ्याच पालकांना ठाऊक नसते. इंजिनिअरिंगच्या कॅपमध्ये विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतल्या राज्याच्या जागांपैकी ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्या विद्यापीठांच्या क्षेत्रांतल्या मुलांना असतात. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे. नाशिक आणि अहिल्यानगर मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात येतात. त्यामुळे मालेगावला बारावी झालेला मुलगा पुण्याच्या कॉलेजांसाठी घरचा ठरतो आणि तिथून तासाभराच्या अंतरावर धुळ्याला बारावी झालेला मुलगा बाहेरचा. गुण सारखे असले तरी एकाला जागा मिळते आणि दुसरा थांबलेला राहतो. हे क्षेत्र बारावी कुठून झाली त्यावरून ठरतं, गाव कुठलं त्यावरून नाही. कटऑफच्या यादीत आपला रकाना कुठला ते बघितल्याशिवाय "माझ्या मित्राला कमी गुणांवर मिळालं" म्हणून जीव जाळू नका. काही स्वायत्त शासकीय संस्थांच्या जागा राज्यस्तरावर भरतात, तिथे हा फरक लागू होत नाही. पसंतीक्रम भरताना अशा संस्था आवर्जून शोधा. आणि उलट्या बाजूने, आपल्या विद्यापीठातल्या चांगल्या कॉलेजांत ह्याच ७० टक्क्यांचा फायदा तुम्हाला मिळतो हे विसरू नका.

तिसरी पायरी: हातातला प्रवेश आधी पक्का करा

हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण वेटिंग ११ समोर दिसलं की शहाणी माणसं ते विसरतात. आम्ही विसरलो होतो. वेटिंग कितीही जवळचं असो, दुसऱ्या क्रमांकाच्या कॉलेजचा प्रवेश मुदतीच्या आत, फी भरून, पावती घेऊन पक्का करा. वसतिगृहाचा अर्जही त्याच दिवशी द्या.

मग पालकांचा प्रश्न येतो: भरलेले पैसे बुडाले तर? हा प्रश्न रास्त आहे. जून-जुलै म्हणजे कपाशीचं बियाणं, खतं आणि निंदणीची मजुरी. घरातला पैसा शेतात असतो. दोन-दोन कॉलेजांची फी भरायची म्हणजे कुठून तरी उचल घ्यावी लागते. म्हणून नियम माहीत असायला हवेत.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ साली काढलेल्या फी परताव्याच्या नियमात टप्पे आहेत. प्रवेशाची जी अंतिम तारीख जाहीर झाली असेल, तिच्या १५ किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत. त्यातून प्रक्रियेचा खर्च म्हणून फार तर ५ टक्के, आणि तेही ५,००० रुपयांच्या आतच कापता येतात. अंतिम तारखेला १५ पेक्षा कमी दिवस उरले असताना रद्द केला तर ९० टक्के, तारीख उलटल्यावर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के, आणि त्यानंतर काहीच नाही. अनामत रक्कम ह्या हिशेबात येत नाही, ती पूर्ण परत मिळायला हवी. मधल्या काही वर्षांत यूजीसीने त्या-त्या वर्षापुरते याहून सवलतीचे आदेशही काढले होते, म्हणून तुमच्या वर्षाचा आदेश आहे का ते बघा. तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचा, नियम असा की, वर्ग सुरू होण्याआधी प्रवेश सोडला तर १,००० रुपयांपेक्षा जास्त कापता येत नाहीत.

मूळ कागदपत्रांबद्दलही त्याच २०१८ च्या आदेशात स्पष्ट लिहिलंय: तपासणी करून ती लगेच परत द्यायची, कॉलेजने ठेवून घ्यायची नाहीत. कुणी "मूळ मार्कशीट आमच्याकडेच राहील" म्हणालं, तर आवाज न चढवता हा नियम सांगा आणि लेखी अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. आपली माणसं ह्या पोचच्या बाबतीत फार भिडस्त असतात.

पैशांबाबत एक साधी खबरदारी. फी ऑनलाइन भरताना सायबर कॅफेवाल्याच्या किंवा गावातल्या दुकानदाराच्या खात्यातून भरू नका. परतावा बहुतेक वेळा ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात येतो. माझ्या एका विद्यार्थ्याचे १८ हजार असेच दुसऱ्याच्या खात्यात आले, आणि ते मिळवता मिळवता दोन्ही घरांचे संबंध तुटले. मुलाच्या नावाचं बँक खाते आधारशी जोडलेलं असू द्या. पुढे शिष्यवृत्तीलाही तेच लागतं.

वसतिगृह आणि मेसचे पैसे मात्र जमलं तर महिन्याच्या हिशेबाने भरा. खासगी मेसवर आणि कॉट बेसिसच्या खोलीवर यूजीसीचा नियम चालत नाही.

चौथी पायरी: वेटिंगमध्ये राहायचंय हे कळवा

बऱ्याच संस्था वेटिंगवाल्यांकडून संमती मागतात. वेबसाइटवर लॉगिन करून एक बटण दाबायचं असतं, किंवा ई-मेलला उत्तर द्यायचं असतं. त्याची मुदत असते. ती चुकली की तुमचं नाव यादीतून आपोआप जातं, मग नंबर ३ असो की ३००.

इथे आपल्याकडची एक नेहमीची अडचण आहे. फॉर्म कॅफेत भरलेला असतो. ई-मेल आयडी कॅफेवाल्याने तयार केलेला, पासवर्ड त्याच्या वहीत, आणि ओटीपीसाठी दिलेला नंबर काकांचा. आजच बसा आणि हे सगळं स्वतःच्या ताब्यात घ्या. पासवर्ड बदला. ई-मेलचा स्पॅम फोल्डर बघायला शिका, कारण संस्थांची पत्रं तिथे जाऊन पडतात. जो मोबाइल नंबर दिलाय त्याचं रिचार्ज दोन महिने संपू देऊ नका. शेतात रेंज नसेल तर कॉलेजच्या फॉर्ममध्ये दुसरा संपर्क म्हणून गावात राहणाऱ्या कुणाचा तरी नंबर द्या.

संस्था स्वतःची यादी चालवत असेल, तर एक छोटं पत्र पाठवणं चांगलं. कॅपमध्ये, जोसामध्ये असल्या पत्राचा काही उपयोग नाही. तिथे संगणक गुण आणि पसंतीक्रम बघून जागा देतो. पण मुलाखत घेऊन किंवा अर्ज वाचून प्रवेश देणाऱ्या संस्थांमध्ये पत्र वाचलं जातं. ते असं असावं:

"माझा अर्ज क्रमांक अमुक, प्रतीक्षा यादीतला क्रमांक अमुक, प्रवर्ग अमुक. आपल्या संस्थेत हा अभ्यासक्रम शिकण्याची माझी इच्छा कायम आहे. अर्ज केल्यानंतर माझा सीईटीचा निकाल लागला असून त्याची प्रत सोबत जोडली आहे. जागा उपलब्ध झाल्यास मी आपण दिलेल्या मुदतीत फी भरून हजर होईन. माझा संपर्क क्रमांक खाली दिला आहे."

एवढंच. संस्थेचा कारभार इंग्रजीत चालत असेल तर इंग्रजीत लिहा आणि शिक्षकांकडून तपासून घ्या. घरच्या परिस्थितीचं वर्णन, आमदारांचं शिफारसपत्र, मामांचा "ओळखीतला" फोन, दर दोन दिवसांनी पुन्हा तेच पत्र, ह्यातलं काही करू नका. एक पत्र, आणि नवीन काही सांगण्यासारखं घडलंच तर दुसरं.

ह्याच काळात तुम्हाला एक फोन येईल. माणूस गोड बोलेल, तुमचा नंबर आणि गुण त्याला माहीत असतील, आणि तो म्हणेल, "भाऊ, दोन लाखात वेटिंग क्लिअर करून देतो, निम्मे आधी." फोन ठेवून द्या. ठरलेल्या फीपेक्षा वेगळे पैसे घेऊन प्रवेश देणं हा महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन फीविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि ह्या माणसाकडे बहुतेकदा द्यायला जागाही नसते. तो दहा जणांकडून पैसे घेतो, दोघांचं वेटिंग आपसूक क्लिअर होतं, त्याचं श्रेय तो घेतो आणि उरलेल्या आठ जणांचे फोन उचलत नाही. केळीचे पैसे नुकतेच आलेत हे त्याला कुणीतरी गावातूनच सांगितलेलं असतं, म्हणून घरातल्या मोठ्यांनाही हे आधीच सांगून ठेवा.

पाचवी पायरी: फाईल आणि पिशवी तयार ठेवा

वेटिंग क्लिअर झाल्याचा निरोप आला की वेळ फार थोडा मिळतो. कधी दोन दिवस, कधी एकच. जळगाव ते पुणे रात्रीची गाडी किंवा ट्रॅव्हल्स धरली तरी सकाळ होते. नंदुरबारच्या मुलाची तर रात्र धुळ्याहून पुढे सरकण्यातच जाते. त्या रात्री सेतू केंद्र उघडं नसतं.

म्हणून हे आत्ताच गोळा करा: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, आधार, फोटो, सीईटीचं स्कोअर कार्ड. राखीव प्रवर्गातून असाल तर जातीचं प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र. ओबीसी, व्हीजेएनटी, एसईबीसीला नॉन क्रिमिलेअर, आणि त्याची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत आहे ना ते तारीख बघून तपासा. ईडब्ल्यूएस असेल तर त्या वर्षाचं प्रमाणपत्र. उत्पन्नाचा दाखला. राज्याबाहेरच्या संस्थेत जायचं असेल तर बोर्डाचं स्थलांतर प्रमाणपत्रही लागतं. आपले तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळात येतात, तेव्हा ते नाशिकहून. त्याला दिवस लागतात, म्हणून वाट न बघता अर्ज करून टाका.

सगळ्यात जास्त मुलं जात वैधतेपाशी अडकतात. तुमचं प्रकरण जात पडताळणी समितीकडे प्रलंबित असेल तर पावती जपून ठेवा, त्रुटीचं पत्र आलंय का ते बघा, आणि शक्य असेल तर स्वतः जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन या. वेटिंगचे दोन महिने ह्या कामाला सोन्यासारखे आहेत.

सगळ्याच्या साक्षांकित प्रतींचे तीन संच करा, आणि प्रत्येक कागद स्कॅन करून पीडीएफ मोबाइलमध्ये आणि ई-मेलवर ठेवा.

सहावी पायरी: घरात आणि गावात काय बोलायचं

लोक विचारणार. पारावर विचारतील, लग्नात पंगतीला बसल्यावर विचारतील, दूधवाला विचारेल. बहुतेकांच्या मनात वाईट काही नसतं. तालुक्यातून कुणी मोठ्या कॉलेजला जातंय ह्याचं त्यांना खरंच अप्रूप असतं. त्यांना एकच उत्तर ठरवून ठेवा: "जळगावला प्रवेश घेतलाय. पुण्याच्या यादीतही नाव आहे, ऑगस्टमध्ये कळेल." पहिलं वाक्य आधी बोला. तुमच्याकडे काय आहे ते आधी सांगितलं की पुढचे प्रश्न आपोआप कमी होतात.

पालकांना एक मनापासूनची विनंती. रोज संध्याकाळी "काय झालं रे यादीचं?" विचारू नका. काही झालं तर तो पळत येऊन सांगणारच आहे. आणि आत्याच्या मुलाशी तुलना तर अजिबात नको. त्याला त्याचे टक्के आणि आत्याच्या मुलाचे टक्के दोन्ही तोंडपाठ आहेत.

मुलांनो, वेबसाइट दिवसातून दोनदा बघा, सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला. झोपताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. रात्री झोप येत नसेल, जेवण जात नसेल, किंवा जगून काय उपयोग असे विचार मनात येत असतील, तर घरातल्या एका तरी माणसाला ते शब्दांत सांगा. सांगणं जमत नसेल तर १४४१६ ह्या टेलिमानस हेल्पलाइनवर फोन करा. ती सरकारी आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं. एका नंबरापायी कुणाचं लेकरू असं एकटं कुढत बसू नये, एवढं मला मनापासून वाटतं.

सातवी पायरी: जिथे आहात तिथल्या वर्गात पहिल्या दिवसापासून बसा

वेटिंगवाली मुलं नव्या कॉलेजात पाहुण्यासारखी वागतात. पुस्तकं घेत नाहीत, मित्र करत नाहीत, "मी इथे थोड्या दिवसांसाठीच आहे" म्हणतात. ऑगस्ट संपतो, यादी बंद होते आणि पहिल्या सहामाहीचा निम्मा अभ्यासक्रम निसटलेला असतो. वही आणा, प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये नाव घाला, शिक्षकांना ओळख द्या. पुढे वेटिंग क्लिअर झालंच तरी पहिल्या महिन्याचं गणित आणि भौतिकशास्त्र वाया जात नाही, सगळीकडे सुरुवात साधारण तीच असते.

आणि ज्या कॉलेजात आहात त्याच्याकडे नीट बघा. जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे. शिरपूरला, धुळ्याला, बांभोरीला इंजिनिअरिंग शिकून मोठ्या कंपन्यांत गेलेली मुलं तुमच्याच गावांतली आहेत. विद्यापीठाच्या आवारात रासायनिक तंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था आहे. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात १९४५ पासून पोरं शिकतायत. पुण्याचं कॉलेज मोठं आहे, हे मी नाकारत नाही, मलाही तेच हवं होतं. पण पदवी इथे घेऊन एमएस्सीला, एमटेकला पुण्या-मुंबईला जाता येतं. मी तशीच गेले.

आठवी पायरी: निरोप आला तर

आधी आनंदाने घरच्यांना सांगा. मग एक कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा. वर्षाची फी किती, वसतिगृह मिळणार की बाहेर राहायचं, शिष्यवृत्ती लागू होणार का, आणि किती आठवड्यांचे वर्ग बुडालेत.

शिष्यवृत्तीची ओळ दोनदा तपासा. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे, पण ती कॅपमधून प्रवेश घेतलेल्यांना. व्यवस्थापन कोट्यातली किंवा संस्थास्तरावरची जागा मिळाली तर ती सवलत जाते. जागा कुठल्या कोट्यातली आहे हे फोनवर न विचारता लेखी मागा. वसतिगृह नसेल तर एससी मुलांसाठी स्वाधार, एसटी मुलांसाठी स्वयम्, शिवाय डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना आहेत, तुम्ही कशात बसता ते त्याच दिवशी बघा. ह्या बेरीज-वजाबाकीनंतर "नाही, आम्ही इथेच राहतो" असं उत्तर आलं तरी तो कमीपणा नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने तसं ठरवलं, आणि तिच्या वडिलांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जी सुटका दिसली ती मी विसरलेले नाही.

जायचं ठरलं तर क्रम चुकवू नका. आधी नव्या ठिकाणचं पत्र हातात घ्या, फी भरा, पावती घ्या. त्यानंतरच जुना प्रवेश रद्द करण्याचा अर्ज द्या. जुना प्रवेश कॅपमधला असेल तर रद्द करण्याची ऑनलाइन तारीख पाळा. जुन्या कॉलेजातून शाळा सोडल्याचा दाखला परत घेताना वर्गशिक्षकांना भेटून या. तिथून रिकामी होणारी जागाही कुणाच्या तरी वेटिंगमधली आहे, म्हणून उशीर करू नका.

नववी पायरी: निरोप आला नाही तर

एक तारीख स्वतः ठरवा. वर्ग सुरू होऊन महिना झाला, संस्थेने शेवटची यादी लावली, की बास. ती तारीख घरात सगळ्यांना सांगून ठेवा. त्या दिवशी ई-मेलचं नोटिफिकेशन बंद करा, वेबसाइटचा पासवर्ड वहीत लिहून वही कपाटात ठेवा. मग एक-दोन दिवस वाईट वाटू द्या. वाटणारच. माझ्या वेळी पुण्याहून परत येताना वडिलांनी धुळ्याच्या स्टँडवर मला चहा पाजला होता आणि यादीबद्दल एक शब्द काढला नव्हता. त्या गप्प राहण्याचं मोल मला खूप उशिरा कळलं.

वर्ष सोडून पुन्हा परीक्षा द्यायची का, हा निर्णय त्या आठवड्यात घेऊ नका. दिवाळीपर्यंत थांबा. तोवर वर्गात बसून बघा, गोडी लागतेय का ते कळेल. ड्रॉप घ्यायचाच असेल तर घराचा खर्च, क्लासची फी आणि आपला गेल्या वर्षीचा अभ्यास नेमका कुठे कमी पडला हे तिन्ही कागदावर आल्याशिवाय घेऊ नका.

आणि त्याच आठवड्यात, रडून झाल्यावर, महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर चालू कॉलेजच्या नावाने शिष्यवृत्तीचा अर्ज भरा. वेटिंगच्या नादात दरवर्षी दोन-तीन मुलं तो विसरतात आणि वर्षभराची फी खिशातून जाते. उत्पन्नाचा दाखला तुमच्या फाईलमध्ये आहेच.